तडीपारांची गाणी आणि मुकादमांचे हिशेब

जत तालुक्यातून एखाद्या इसमास हद्दपार करावयाचे ठरले, की प्रांताधिकारी किंवा पोलीस अधीक्षक यांच्या कचेरीतून एक हुकूम निघतो. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याची (आता त्यास महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात) ५५, ५६ व ५७ ही कलमे त्या हुकमाच्या पाठीशी उभी असतात. दोन वर्षांपर्यंत त्या इसमाने सांगली जिल्ह्यात पाऊल टाकावयाचे नाही. बहुधा शेजारच्या जिल्ह्यांची नावेही हुकमात घातलेली असतात. ५६ व्या कलमाखाली गुन्हा शाबीत झालेला असण्याची आवश्यकता नाही. विरुद्ध साक्ष देणाऱ्यांची नावे त्यास कळविलीच पाहिजेत असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीस मान्यता दिली. त्याच न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात तडीपारीचा हुकूम रद्द केला आणि हा उपाय अपवाद म्हणूनच वापरावयाचा असतो, याची आठवण सरकारला करून दिली. कायदा तडीपारीस शिक्षा म्हणत नाही, खबरदारी म्हणतो. ज्याचे घर सुटते तो तिला काय म्हणतो, याची नोंद करण्यासाठी हुकमात रकाना नसतो.

ही नोंद २०२० साली एका अनपेक्षित ठिकाणी झाली. पुणे स्टेशनाजवळच्या ताडीवाला रोडवरील वस्तीत वाढलेला, तेव्हा जेमतेम विशीत असलेला अल्ताफ शेख हा तरुण एम. सी. स्टॅन या नावाने गातो. त्याने आपला पहिला अल्बम प्रसिद्ध केला आणि त्यास नाव दिले ‘तडीपार’. हिप-हॉप नावाचा हा गानप्रकार ज्यांच्या परिचयाचा नाही, त्यांच्यासाठी एक खुलासा आवश्यक आहे. यात शब्द गायचे नसतात, ठेक्यावर बोलावयाचे असतात. आणि या क्षेत्रात ‘प्रोड्युसर’ म्हणजे सिनेमातल्यासारखा पैसे घालणारा शेटजी नव्हे, तर संगणकावर ठेका आणि ध्वनी जुळवून गाण्याचा सांगाडा उभा करणारा कारागीर. या अल्बममध्ये शब्द त्या मुलाचे, गळा त्याचा आणि सांगाड्याची बांधणीही मुख्यतः त्याचीच आहे. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ या दूरचित्रवाणीवरील खेळाच्या सोळाव्या फेरीत तो विजयी झाला, ३१ लाख ८० हजार रुपये आणि एक मोटार घेऊन बाहेर पडला, आणि त्याचे नाव जतच्या एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या पोरांच्याही तोंडी आले.

पुरोगामी वर्तुळांत या प्रकाराचे स्वागत कसे झाले? शक्यतो झालेच नाही. जेथे झाले तेथे नाक मुरडूनच. हा अमेरिकेतून आयात झालेला माल आहे, ही भाषा घाणेरडी आहे, ही मराठीही नव्हे, आणि ही पोरे चळवळीची नसून सोन्याच्या साखळ्यांची आहेत, असे चार आक्षेप ऐकू येतात. ते सरसकट खोटे आहेत असे नाही. परंतु ज्या तत्परतेने ते उच्चारले जातात, तिच्यामागे विचारापेक्षा अस्वस्थता अधिक आहे.

आयातीचा आक्षेप सर्वांत पोकळ. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, एका भाड्याच्या इमारतीतील घरगुती समारंभात झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. या ब्राँक्सच्या छातीवरून शहर नियोजकांनी हमरस्ता नेला होता. गरिबांची घरे पाडली होती. उरलेल्या इमारती पुढील काही वर्षांत आगीत भस्मसात होत होत्या. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेल्या काळ्या आणि पोर्तोरिकन मुलांनी जुन्या तबकड्या फिरवून ठेका काढला. आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर स्थापन झाली होती, आणि तिनेही नाव अमेरिकेतील काळ्या तरुणांच्या संघटनेवरूनच घेतले होते. तेव्हा त्या नावावर आयातकर बसविण्याची सूचना ज्यांनी केली नाही, त्यांनी ती आता करू नये. पेटी तरी कोणत्या गावच्या सुताराने शोधून काढली होती? तिच्यावाचून सेवादलाच्या कलापथकाचा एकही कार्यक्रम पार पडत नसे.

भाषेचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तरही इतिहासातच आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला, तेव्हा मराठी सुशिक्षितांना शब्दकोश घेऊन बसण्याची पाळी आली. विजय तेंडुलकरांसारख्या लेखकाने प्रस्तावना लिहिल्यावर अनेकांना तो वाचण्याचे धैर्य झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या ‘साधना’ अंकात राजा ढाले यांनी राष्ट्रध्वजाचा अपमान आणि दलित स्त्रीची विटंबना यांसाठी कायद्यात असलेल्या शिक्षांची तुलना केली आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. समाजवाद्यांच्या साप्ताहिकाने तो लेख छापला, ही गोष्ट आज अभिमानाने सांगितली जाते. त्या दिवसांत अभिमान वाटणाऱ्यांची संख्या फारच थोडी होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

पुढची नावे पाहावी. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’. १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’. १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’. प्रत्येक वेळी समाजाने ज्या शब्दाने कपाळावर डाग दिला, तोच शब्द लेखकाने पुस्तकाच्या कपाळावर छापला. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या, त्यांची त्या शिक्क्यातून कागदोपत्री सुटका १९५२ साली झाली. ठाणेदाराच्या डोक्यातून तो शिक्का आजही पुरता पुसलेला नाही. सातारा-सांगलीकडच्या रामोशी, कैकाडी, पारधी वस्त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. ‘तडीपार’ हे नाव या मालिकेत बसते. ते नाव देणाऱ्याने ‘उपरा’ वाचले होते की नाही, हा प्रश्न गैरलागू आहे. वस्तीत वाढलेल्याला तो शब्द पुरविण्यास पोलीस चौकी समर्थ असते.

मात्र येथेच सावध राहिले पाहिजे, कारण नाव एका परंपरेत बसले म्हणून आशय बसतोच असे नाही. ‘गोलपिठ्या’तील शिवी व्यवस्थेच्या तोंडावर फेकलेली होती. या नव्या गाण्यांतील बऱ्याच शिव्या प्रतिस्पर्धी गायकाच्या, म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या वस्तीतल्या पोराच्या, आईबहिणीवरून जातात. स्त्री येथे बहुतेक ठिकाणी एक तर दगा देणारी किंवा मिरविण्याची वस्तू. नशेचे कौतुक आहे. ‘वस्तीचे वास्तव’ असे म्हणून या गोष्टींवर पांघरूण घालणारा एक नवा पुरोगामी वर्ग शहरांत तयार झाला आहे. गरिबाच्या तोंडी आलेली स्त्रीद्वेषाची भाषाही त्याला बंडखोरीच वाटते. त्याला एवढेच विचारावे, की त्याच वस्तीत पाण्याच्या नळावर उभ्या असलेल्या मुलीला ही भाषा ऐकून मुक्तीचा अनुभव येतो काय? ती मुलगीही वास्तवच आहे, आणि तिचा अल्बम अद्याप निघालेला नाही.

तरीही ही टीका करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उरतोच. मार्च २०२३ मध्ये इंदूर येथे याच गायकाचा कार्यक्रम सुरू असताना करणी सेनेचे लोक मंचावर घुसले आणि अश्लीलतेच्या निषेधार्थ कार्यक्रम बंद पाडला गेला. स्त्रीसन्मानाचे हे पहारेकरी कोठून आले, त्यांना कोणत्या अश्लीलतेचे वावडे आहे आणि कोणत्या नाही, हे देश जाणतो. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रात खरी कसोटी लागली. राज मुंगसे या छत्रपती संभाजीनगरच्या तरुणाने पक्षांतरात फिरलेल्या खोक्यांवर मराठीतून रॅप केले. अंबरनाथ येथे त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. मुंबईच्या उमेश खाडे याने जनतेच्या लुबाडणुकीवर गाणे केले. वडाळ्याच्या पोलिसांनी त्याच्यावरही गुन्हा नोंदविला. एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. या दोघांच्या गाण्यांत सत्ताधाऱ्यांची नालस्ती होती, आणि त्यांच्या दारी थेट सरकारी यंत्रणा पोहोचली. यावरून कोणत्या शब्दाला राज्यकर्ते खरोखर भितात, हे कळते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले होते, तेही सभ्यतेच्याच नावाने. आणि वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी त्याच तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन कामगारांसमोर उभे केले होते. झेंडा वेगळा होता, हे खरे. पण त्यांच्या लाल बावटा कलापथकाने दाखविलेली वाट समाजवाद्यांच्या कलापथकांनाही परकी नव्हती.

आता मुख्य प्रश्नाकडे यावयास हवे, आणि तो अभिरुचीचा नसून अर्थशास्त्राचा आहे. विशीतला पोर स्वतः शब्द लिहितो, स्वतः ठेका बांधतो, स्वतः ध्वनिमुद्रण करतो. म्हणजे उत्पादनाची साधने श्रमिकाच्या हाती आली, असे वरकरणी दिसते. पूर्वी स्टुडिओ, वादक, तबकडीचा कारखाना या सर्वांसाठी भांडवल लागे. आता संगणक आणि मायक्रोफोन पुरतो, आणि कित्येकांना मोबाईल पुरला आहे. मुंबईच्या कुर्ल्यातील नेझी या गायकाचे २०१४ सालचे पहिले गाजलेले गाणे आयपॅडवर तयार झाले होते. येथवर सर्व ठीक. पण इचलकरंजीच्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचेही माग स्वतःचेच असतात! सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, दर व्यापाऱ्याचा. मागाचा मालक म्हणून मिरविणाऱ्याच्या वाट्याला मीटरमागे मजुरी आणि विजेचे बिल. साधन हातात असून बाजार हातात नसला की माणूस मालक न होता स्वतःच स्वतःचा मुकादम होतो.

गाण्याचा बाजार आज कोणाच्या हाती आहे? मूठभर संगीत कंपन्यांच्या आणि त्याहून मोजक्या ध्वनी-मंचांच्या. या मंचांचा हिशेब सर्वसाधारणपणे असा असतो, की वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एकत्र करावयाचे, मंचाने आपला वाटा कापावयाचा, आणि उरलेले पैसे एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात हक्कधारकांना वाटावयाचे. जतच्या एखाद्या श्रोत्याने वर्गणी भरून महिनाभर फक्त जतच्याच पोराचे गाणे ऐकले, तरी त्याच्या रुपयाचा मोठा हिस्सा देशातील सर्वाधिक खपणाऱ्या गाण्यांच्या मालकांकडे जातो. स्पॉटिफाय या कंपनीने तर २०२४ पासून असा नियम केला, की ज्या ध्वनिमुद्रणाचे मागील बारा महिन्यांत १,००० श्रवण झाले नाहीत, त्यास हिश्शातून काहीच मिळणार नाही. शंभर गावकऱ्यांनी आपल्या पोराचे गाणे प्रत्येकी नऊ वेळा ऐकले, तर नऊशे झाले, हिशेब शून्य. वजनकाट्यावर मोळी टाकली, पण गाडी भरली नाही म्हणून तिचे वजनच धरले नाही, असा प्रकार कोणत्याही साखर कारखान्याने केला असता तर शेतकऱ्यांनी काटा उखडून नेला असता.

दुसरा दुवा उचलीचा. जतच्या पूर्व भागातील माणसाला हे समजावण्यासाठी पुस्तकाची गरज नाही. हंगामापूर्वी मुकादम येतो, नवरा-बायको मिळून एका ‘कोयत्या’ला रकमेची उचल देतो, मग सहा महिने टनामागे मजुरी कापून ती फेडावयाची, आणि हिशेबाची वही मुकादमाकडे. संगीत कंपनीचा करारही पुष्कळदा याच घाटाचा असतो. गायकाला आगाऊ रक्कम मिळते, ती त्याच्या पुढील उत्पन्नातून वसूल व्हावयाची असते. चित्रीकरणाचा आणि जाहिरातीचा खर्चही पुष्कळदा त्याच्याच नावे पडतो. वसुली पुरी होईपर्यंत त्याच्या हाती नवे काही येत नाही. आणि ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडे राहते. फरक असलाच तर एवढा, की ऊसतोड्याला आपण उचलीखाली आहोत हे ठाऊक असते. गायकाला मात्र आपण ‘साइन’ झालो असे वाटते.

वर्तमानपत्रांनी ‘बिग बॉस’च्या विजयाची कथा वस्तीतून वैभवाकडे अशा मथळ्यांनी रंगविली, आणि गायकाच्या ८० हजारांच्या बुटांची चर्चा घरोघरी झाली. त्या बुटांना हसणाऱ्या मध्यमवर्गाने आपल्या लग्नसमारंभांकडे एकदा पाहावे. ज्याच्याजवळ सातबारा नाही, बँकेत पत नाही, तो आपली पत पायांत घालून हिंडतो. यात नैतिक अधःपात शोधण्याचे कारण नाही. आक्षेप घ्यावयाचा तर त्या कथेच्या उपयोगावर घ्यावा. लाखात एकाचा विजय उरलेल्यांना असे शिकवितो, की अडचण व्यवस्थेत नसून तुझ्या कमी जिद्दीत आहे. भांडवलशाहीला लॉटरी नेहमीच प्रिय असते, कारण हरलेले लोक सोडत काढणाऱ्याला दोष न देता पुढचे तिकीट घेतात.

कायद्याने काहीच संरक्षण दिलेले नाही असे मात्र नव्हे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिच्यासाठी झुंज दिली होती. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या व संगीताच्या कर्त्याला रॉयल्टीत समान वाट्याचा हक्क त्या दुरुस्तीने दिला, आणि हा हक्क कंपनीला लिहून देता येणार नाही, असेही बजावले. कराराच्या कागदावर काहीही छापलेले असो, हा वाटा सुटत नाही. किती पोरांना हे माहीत आहे? जो मुलगा शब्द आणि ठेका दोन्ही स्वतः करतो, त्याला हा हक्क दुहेरी लागू पडतो. पण तो वसूल करण्यासाठी हक्कसंस्थेत नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी करा असे सांगणारा माणूस त्याच्या वस्तीपर्यंत पोहोचत नाही. कंपनीचा माणूस पोहोचतो.

जत तालुक्याचे नाव गेल्या काही वर्षांत देशाने दोनच कारणांसाठी ऐकले: पाणी आणि सीमा. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी येथील सुमारे चाळीस गावांवर हक्क सांगितला, तेव्हा मुंबईत अस्मितेच्या तोफा धडाडल्या. ती गावे पाण्यासाठी वर्षानुवर्षे टाहो फोडीत होती, कर्नाटकात जाण्याची भाषा त्यांनी पूर्वी केली ती तहानेमुळे, हे तोफा डागणाऱ्यांना त्या आठवड्यात आठवले. मग विस्तारित म्हैसाळ योजनेची घोषणा झाली. पण उमदी-संखच्या बाजूची माणसे ऊसतोडीसाठी, बांधकामासाठी, हमालीसाठी गाव सोडून जातात, ती कोणत्याही कलमाखाली काढलेल्या हुकमामुळे नव्हे. त्यांच्या तडीपारीवर कोणाची सही नाही, मुदत नाही, आणि अपिलाची सोयही नाही.

या तालुक्यात मराठी, कानडी आणि दखनी हिंदी एकाच पारावर बोलल्या जातात. तेव्हा ‘तडीपार’ची भाषा शुद्ध मराठी नाही, हा आक्षेप जतमध्ये तरी कोणी घेऊ नये. येथे धनगरी ओव्यांची रात्र रात्र चालणारी परंपरा आहे, ढोल-कैताळाच्या तालावर गजीनृत्य आहे, गुड्डापूरच्या दानम्मा देवीच्या वाटेवर कानडी पदे आहेत. ठेक्यावर बोलत जाणे, प्रतिपक्षाला सवाल टाकणे, आपल्या गावाचे नाव मिरविणे यांतले काहीच येथील माणसाला शिकवावे लागत नाही. धोका आहे तो वेगळाच. संगणकावर ठेका बांधणारा शहरी कारागीर उद्या याच ढोलाचा आवाज मोबाईलवर टिपून नेईल, त्यावर गाणे करील, ते गाजेल. आणि ढोल वाजविणाऱ्या धनगराचे नाव कोठेही येणार नाही. लोकपरंपरा सर्वांची, म्हणजे कोणाचीच नाही, हा युक्तिवाद गायरानाच्या बाबतीत जतने पुरेसा ऐकलेला आहे.

या स्थितीत पक्षाच्या कार्यकर्त्याचे काम काय? रॅप चांगले की वाईट, यावर परिसंवाद भरविणे नव्हे. ऊसतोड कामगारांनी कोयता बंद ठेवला म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ पदरात पडली. ती कोणा एका कोयत्याच्या कौशल्याने मिळालेली नाही. गाणाऱ्या पोरांची अशी एकही संघटना नाही, आणि ती उभी करण्याचे कोणाच्या मनातही नाही. त्यांना एकमेकांवर शिव्या फेकण्यास बाजाराने शिकविले, कारण भांडण खपते. त्यांना एकत्र बसविणारे कोणी भेटलेच नाही. सेवादलाचे कलापथक गावोगाव हिंडत होते तेव्हा निळू फुले यांच्यासारख्या तरुणाला तेथे मंच मिळाला. गावातील पोराला स्वतःचा आवाज सापडण्यासाठी तेव्हा कंपनीच्या दारात उभे राहावे लागत नव्हते. ती कलापथके कशी विस्कटली, आणि त्यांची जागा रिकामी ठेवून त्यांच्या आठवणींचे मेळावे तेवढे का भरत राहिले, याचा जाब कोणत्याही रॅप गायकाला विचारता येणार नाही.

मार्गशीर्षात जतला यल्लम्मा देवीची यात्रा भरते. गुरांचा बाजार असतो, पाळणे असतात, आणि कर्णे तर असतातच. त्या गर्दीत एक साधा मांडव घालणे कोणत्याही तालुका शाखेला जड नाही. तेथे ज्याला बोलावयाचे त्याने ठेक्यावर बोलावे, मराठीत, कानडीत वा दखनीत. मुलींनी आधी बोलावे, म्हणजे पोरांची निम्मी भाषा आपोआप सुधारेल. आणि मांडवाच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून एखाद्या वकिलाने दोन करार शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने वाचून दाखवावेत, एक मुकादमाच्या उचलीचा आणि दुसरा संगीत कंपनीचा. ऐकणाऱ्यांत बरेच जण असे असतील, की ज्यांनी पहिल्यावर अंगठा दिलेला आहे, आणि ज्यांच्या मुलाच्या मोबाईलमध्ये दुसरा येऊन पडलेला आहे.